धाकट्याच्या गळ्यावर लावलेली गिटार

मी बोलतेय ती साथीची गिटार. लाकडाची, सहा तारांची, विजेवर चालणारी. पण गाण्यात मध्येच उडी मारून जी किंचाळते आणि जिच्यासाठी माणसं शिट्ट्या वाजवतात, ती मी नव्हे. ती वेगळी. मी गाणाऱ्याच्या बाजूला, ड्रमच्या पुढ्यात उभी राहून चार कॉर्ड फिरवत राहते. भिंतीचा रंग सगळ्यांना दिसतो, आतली वीट कोणाला दिसत नाही. मी वीट आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. विटेने रंगाचा हेवा करून कसं चालेल?

एकटा सूर म्हणजे एकटा माणूस. तीन-चार सूर एकदम छेडले की कॉर्ड होतो, म्हणजे छोटंसं कुटुंबच. आणि एका कॉर्डवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायची जी वाट असते, तिच्यावर रॉकचं अख्खं गाणं चालतं. माझं आयुष्य अशा दोन-चार वाटांवर गेलं. फार लांब कुठे गेले नाही मी.

माझं अंग एका झाडाचं, मान दुसऱ्या झाडाची. दोघांची गाठ एका कारखान्यात पडली. तिथे माझ्या मानेवरच्या आडव्या पितळी पट्ट्यांच्या, म्हणजे पडद्यांच्या, कडा घासणारी एक बाई होती. घासून झालं की ती प्रत्येक गिटारीच्या मानेवरून आपला तळहात फिरवायची, कुठे टोचत तर नाही ना ते बघायला. तिचा चेहरा मला आठवत नाही, तळहात आठवतो. पुढे पुष्कळ हात लागले, पण आपल्याला टोचू नये म्हणून नाही, दुसऱ्या कोणाला टोचू नये म्हणून फिरलेला हात तो एकच.

मग मी एका दुकानात टांगली गेले. दुकानात येणाऱ्या माणसांची एक गंमत असते. आत येतात, इकडेतिकडे बघतात, भिंतीवरून एक गिटार काढून मांडीवर घेतात आणि आपल्याला जेवढं येतं तेवढंच वाजवतात. बहुतेकांना ई, ए आणि बी येतात. दिवसभर राबून आलेला माणूस पायऱ्या चढताना 'आई गं' म्हणतो, खरं तर कुठे दुखत नसतं पण म्हटल्यावर बरं वाटतं, तसे ते तीन कॉर्ड. ते वाजवून झाले की माणूस गिटार पुन्हा भिंतीला लावतो आणि 'पुन्हा येतो' म्हणून जातो. येत नाही.

मला तिथून सोडवलं ते एका चष्म्याने. दुकानाच्या मालकाची नजर कमी झाली होती. त्याचा नवा चष्मा घेऊन भिंगांच्या कारखान्यातला एक तरुण कारागीर आला. मालकाने चष्मा डोळ्यांवर चढवला, सभोवार बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"हिला एवढा मोठा ओरखडा कधी पडला?"

"मी आलो तेव्हा होता," तो तरुण घाईघाईने म्हणाला.

"अरे, तुझ्यावर आळ नाही घेत. म्हणजे इतके दिवस मी हिला कोरी म्हणून दाखवत होतो की काय लोकांना."

ओरखड्यामुळे माझी किंमत उतरली आणि त्या तरुणाच्या आवाक्यात आली. असा मला माझा माणूस मिळाला. त्याला घरी दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणते.

दादाचं काम भिंगं घासायचं. ओल्या भुकटीवर भिंग फिरवत राहायचं, केसाच्या दहाव्या भागाएवढं इकडेतिकडे झालं तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. त्याच्या बोटांना कायम त्या ओल्या भुकटीचा वास असायचा. दोन खोल्यांच्या घरात आई, दादा आणि धाकटा भाऊ. वडील नव्हते. धाकट्याला शाळेची गोडी नव्हती, पण गळा होता. जिन्यातून वर येताना तो सहज काही गुणगुणला तरी शेजारच्या दारामागचं भांड्यांचं खुळखुळणं थांबायचं.

दोघांना शिकवणारं कोणी नव्हतं. कॅसेट लावायची, थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा लावायची. दादा माझ्यावर बोटं ठेवून शोधत बसायचा आणि धाकटा मान हलवून सांगायचा, "नाही. नाही. जवळ आलास. हां, हाच." अशी एकेक वाट त्यांना सापडली.

आईला हे सगळं ऐकावं लागायचं.

"तुमचं हे एकच गाणं किती वेळ चालणार?" ती विचारायची.

"आई, ही चार वेगवेगळी गाणी आहेत."

"मग मला एकच का ऐकू येतंय?"

आईचं बरोबर होतं. गाणी चार होती, शब्द वेगळे, चाल वेगळी, पण खालची वाट एकच होती. तीच दादाची सर्वांत आवडती. सी, जी, ए मायनर, एफ. सी म्हणजे दाराशी बसून चपला घालणं. जी म्हणजे रस्ता, त्यावर ऊन पडलेलं, पाय आपोआप उचलले जातात. ए मायनर आला की चालता चालता काहीतरी आठवतं, आणि माणूस चालतच राहतो पण आता खाली बघून. एफला मागे फिरावंसं वाटतं. घर दिसतं, खिडकीत उजेडही दिसतो, पण अजून आत गेलेलं नसतं. मग पुन्हा सी येतो, आणि आत जाऊन बसायचं सोडून माणूस पुन्हा चपला घालतो. म्हणून ती वाट संपत नाही. कितीही वेळ फिरवा, कंटाळा येत नाही.

ड्रमला मेस्त्री होता. बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करायचा. डेपोच्या मागे टायर ठेवायची एक लांब खोली होती, तिथे सुट्टीच्या दिवशी सकाळी आमचा सराव चालायचा. रबराचा वास, पत्र्याचं छप्पर आणि माझा आवाज मोठा करणारा एक अॅम्प, जो मध्येच खोकायचा.

धाकट्याला वेगळं काही आवडायचं. ए मायनर, जी, एफ, ई.

"दादा, हे ऐक. एकेक पायरी खाली उतरतोय, आणि शेवटच्या पायरीवर दिवा गेलाय."

"मग वर ये की."

"वर यायचंच आहे. पण ईवर थांबलं की पाय पुढची पायरी शोधतो, आणि ती असते का नसते कळत नाही. तेव्हा पोटात जो गोळा येतो ना, तो मला पाहिजे."

"तुला गाणं पाहिजे का पोटदुखी?"

"मला विचाराल तर डी, सी, जी," मेस्त्री म्हणाला. "रस्त्याच्या मधोमध कॉलर ताठ करून चालावं, मागून बस हॉर्न देतेय, आणि आपण बाजूला होत नाही. ह्याला म्हणतात रॉक."

"बस दुरुस्त करणाराच असं बोलायला लागला तर झालंच."

"म्हणून तर बोलतो. रोज मीच बाजूला होत असतो."

अशा वादावादीत त्यांचं स्वतःचं एक गाणं तयार झालं. वाट दादाची, तीच चार कॉर्डची. पण शेवटच्या एफवर धाकट्याने एक गोष्ट सुचवली.

"एफ धरलास ना? आता मधलं बोट उचल. तेवढंच."

दादाने उचललं. एफचा एफ मायनर झाला. एका बोटाचं काम. पण भर दुपारी सूर्यावरून ढग जावा आणि अंगणातले कपडे, बादली, सायकल, सगळं तिथेच असून एकदम दूर गेल्यासारखं व्हावं, तसं झालं. मग दादा सीवर आला, आणि ढग गेला. मेस्त्रीने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"बोट उचलायलाही डोकं लागतं," दादा म्हणाला. धाकट्याची एवढी स्तुती त्याने पुन्हा कधी केली नाही.

आमच्याकडे तारा लावायची रीत जगावेगळी होती. लोक पेटीवर लावतात, नाहीतर तेवढ्यासाठी मिळणाऱ्या छोट्या यंत्रावर. दादाकडे यंत्र नव्हतं, पेटी नव्हती. धाकटा होता. सरावाच्या सकाळी धाकटा कोमट पाणी प्यायचा, खिडकीशी उभा राहायचा आणि डोळे मिटून 'अं' असा सूर धरायचा, गळ्याला जिथे सर्वांत निवांत वाटेल तिथे. दादा माझी सर्वांत जाड तार फिरवत फिरवत त्या 'अं'ला नेऊन भिडवायचा. मग बाकीच्या पाच तारा तिच्यावरून.

"जगात सगळे गाणारे वाद्याला धरून गातात," मेस्त्री चिडवायचा. "आमच्याकडे वाद्यच गाणाऱ्याच्या मागे पळतं."

"त्याला ताण नको," दादा म्हणायचा. "ताण काय, तारेने घ्यावा."

त्यामुळे माझी पट्टी म्हणजे धाकट्याचा गळा. त्याला सर्दी झाली की मी थोडी उतरायचे, तो बरा झाला की चढायचे. माझ्या आयुष्यात मी इतकी सुरात कधीच नव्हते, कारण मी एका जिवंत माणसाशी जुळलेली होते.

डेपोच्या स्नेहसंमेलनात एका मोठ्या बँडच्या माणसाने धाकट्याला ऐकलं. तो घरी आला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, गळा आम्हाला पाहिजे. गिटारवाले आमच्याकडे आहेत. ते दूरच्या शहरातले. तो गेल्यावर धाकटा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"दादा, तू नको म्हण. मी नाही जात."

दादा मला पुसत बसला होता.

"नको का म्हणू? जा. माझं काय अडतंय? कारखाना आहे, आई आहे."

"गाण्याचं?"

"गाणं कुठे पळून जातंय."

हे सगळं तो अगदी सहज बोलला. धाकट्याला ते खरं वाटलं, आईलाही वाटलं. पण त्याच्या हातातलं फडकं माझ्या अंगावर एकाच जागी फिरत होतं. पुसून पुसून तिथली चकाकी गेली. ते फक्त मला माहीत.

धाकटा गेला. दादाने मला खाली ठेवलं नाही. सुट्टीच्या सकाळी तो खिडकीशी यायचा, डोळे मिटायचा आणि थोडा थांबायचा, कोणी पाणी पिऊन होईपर्यंत थांबावं तसा. मग स्वतःच हळूच 'अं' म्हणायचा. आठवणीतला. माझी जाड तार त्याला भिडवायचा. आणि वाजवायचा काय, तर फक्त साथ. धाकट्याची ओळ सुरू व्हायची त्या जागी तो हात हलका करायचा, धाकटा श्वास घ्यायचा तिथे थांबायचा. मध्ये सगळी जागा मोकळी. जेवताना शेजारी ताट मांडून ठेवावं आणि आपण आपलं जेवत राहावं, तसं आमचं गाणं चालायचं.

फोन यायचे. आधी वरचेवर, मग कधीमधी.

"कसा आहेस?"

"बरा आहे. तू?"

"मीही बराच."

रॉकमध्ये एक दोन सुरांचा कॉर्ड असतो. अॅम्पचा आवाज पिळून फाटका केला की नेहमीचा कॉर्ड त्यात गढूळ होतो, म्हणून त्यातला मधला सूर काढून टाकतात. आता कॉर्ड हसरा आहे की दुःखी, हे सगळं त्या मधल्या सुरावर असतं. तो काढला की जे उरतं ते मजबूत असतं, दणदणीत असतं, पण त्याला ना हसू ना रडू. दोघा भावांचं फोनवरचं बोलणं मला त्या कॉर्डसारखं वाटायचं. मधला सूर काढलेला.

मग आई गेली. धाकटा आला, जेवढं राहता आलं तेवढं राहिला. मी कोपऱ्यात चादरीखाली होते. एकदा घरात कोणी नसताना त्याने चादरीचं टोक उचलून माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा नीट झाकून ठेवलं. वाजवायची ती वेळ नव्हती. दादानेही मला हात लावला नाही. पण त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण धाकटा परत गेल्यावर जी पहिली सुट्टी आली, तिच्यात दादा संध्याकाळपर्यंत ती मोकळी जागा सोडून सोडून वाजवत राहिला. त्याला जगाकडून दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, त्या जागेत धाकट्याचा आवाज यायला हवा होता. आणि तो आला तर त्याला ताण पडू नये, म्हणून पट्टी राखायची होती.

वर्षं गेली. तारा तुटल्या, नव्या आल्या. दादाची दाढी पांढरी झाली. कारखान्यात येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो नेहमी एक गोष्ट सांगायचा. नजर एका दिवसात जात नाही. रोज केसभर जाते. म्हणून माणसाला वाटतं, आपली नजर आहे तशीच आहे, लोकांनीच अक्षरं बारीक छापायला घेतली.

दुसऱ्यांना हे सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं कळलं नाही. आठवणीतला तो 'अं' दर सुट्टीला केसभर खाली येत होता. एक तार चुकली असती तर दादाला त्याच क्षणी कळलं असतं. पण सहाच्या सहा मिळून खाली येत होत्या, एकमेकींशी जुळलेल्या, आणि बाहेरचं कोणी सोबत वाजवणारं नव्हतं. तारा सैल झाल्या, तशा बोटांना मऊ लागू लागल्या. दादाला वाटायचं, इतक्या वर्षांनी हात बसला. तारा उतरतायत एवढं मला कळत होतं. पण मला छेडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि छेडल्यावर मी तेच बोलते जे मला लावलेलं असतं.

एक दिवस फोन आला.

"दादा, तिकडे कार्यक्रम आहे आमचा. दुपार मोकळी आहे. गिटार आहे ना अजून?"

"आहे."

"आपलं गाणं म्हणू एकदा?"

दादाने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"बघू," तो म्हणाला.

आणि फोन ठेवल्याबरोबर नव्या तारा आणायला निघाला. परत येऊन माझ्या पडद्यांमधली धूळ त्याने भिंगं पुसायच्या फडक्याने काढली. खिडकीशी उभा राहिला, डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला आणि तारा लावल्या. मेस्त्रीला निरोप गेला. तो डेपोतून केव्हाच निवृत्त झाला होता, ड्रमही विकून झाले होते. ठरल्या दुपारी तो नुसत्या काठ्या आणि तेलाचा एक रिकामा डबा घेऊन आला.

"ड्रमचं काय झालं?" धाकट्याने दारातच विचारलं.

"ड्रमच्या जागी सूनबाईंचं शिवणाचं मशीन आलं. ते जास्त तालात चालतं."

तिघे हसले. धाकट्याचे केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं. त्याने आपली गिटार आणली होती; आता तो गाताना वाजवायचाही. चहा झाला, आईच्या फोटोकडे बघून झालं, आणि मग तिघे बसले. दादाने मला मांडीवर घेतलं. त्याचा हात मला गार लागला.

"सीवरून," तो म्हणाला.

दोघांनी एकदम सी छेडला, आणि एका अरुंद दारातून दोन माणसं एकदम आत शिरायला गेली. खांदे आपटले. दोघांनी हात उचलले. पुन्हा छेडलं. पुन्हा तेच.

"तुझी लागलेली नाही का रे?" दादाने विचारलं.

"यंत्रावर लावलीय." धाकट्याने खिशातून एक चिमट्यासारखं यंत्र काढून माझ्या डोक्याला लावलं. "छेड बरं." त्याने त्यातला दिवा बघितला. "दादा, तुझी उतरलीय. चांगली दीड सूर खाली आहे."

"उतरली नाही. तुझ्या गळ्यावर आहे."

"माझ्या?"

"तू लावून गेलास तीच. मी हलवली नाही."

मेस्त्री डब्यावरचा गंज नखाने खरवडू लागला. धाकट्याने यंत्राकडे बघितलं, मग दादाकडे. यंत्र काढून त्याने खिशात टाकलं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "मीच वर गेलो असेन. थांब, येतो खाली."

त्याने आपल्या गिटारीच्या खुंट्या सैल करायला घेतल्या. एकेक तार माझ्याजवळ आणली. या खेपेला सी जुळला. दादाचा श्वास माझ्या पाठीला लागला, इतका वेळ धरून ठेवलेला. गाणं सुरू झालं. जी आला, ए मायनर आला, आणि त्या मोकळ्या जागेत धाकट्याचा आवाज आला.

पण तो आवाज खाली पोचत नव्हता. शब्द विहिरीच्या तळाशी जाऊन बसल्यासारखे. धाकटा हनुवटी छातीला लावून गात होता, चेहऱ्यावर हसू ठेवून गात होता. एफवर आला. दादाने मधलं बोट उचललं, आणि त्या ढगाखाली धाकट्याचा आवाज नुसती हवा होऊन गेला. तरी तो थांबला नाही. दुसरा फेरा सुरू झाला.

दादाने तारांवर तळहात ठेवला. सगळं बंद झालं.

"काय झालं?"

"तू तिथे नाहीस," दादा म्हणाला.

"चालतंय, दादा."

"चालत नाही. वाकून गातोयस. माझ्यासाठी वाकून गातोयस." त्याने खिडकीकडे बोट केलं. "ऊठ. पाणी पी. गळा दे."

धाकटा उठला. माठातलं पाणी प्याला. खिडकीशी उभा राहिला, डोळे मिटले आणि 'अं' म्हणाला.

दादाने खुंटी धरली. जाड तार चढू लागली. चढली, चढली, तरी 'अं' पुढेच होता. दादाचा हात मध्येच थांबला.

"इतकं वर?"

"तेव्हाही इतकंच होतं, दादा."

दादाने खुंटी पुढे फिरवली. माझी मान ताठली. इतक्या वर्षांत मला तो ताण आठवतही नव्हता. बाकीच्या पाचही तारा वर आल्या, धाकट्यानेही आपली गिटार पुन्हा वर आणली, आणि तिघांनी गाणं पहिल्यापासून धरलं.

ते कसं झालं म्हणून सांगू? डबा डब्यासारखाच वाजत होता. नव्या तारा घट्ट ओढलेल्या, दादाच्या बोटांत रुतत होत्या. एफ धरताना दोन तारा नीट दाबल्याच गेल्या नाहीत, खरखरल्या. पण वर धाकटा मोकळा गात होता. शेजारच्या भांड्यांचं खुळखुळणं थांबवणारा आवाज आता थोडा जाड झाला होता, कडेला उसवला होता, पण तिथेच होता जिथे तो पूर्वी असायचा. एफ मायनर आला, ढग आला आणि गेला, आणि दादा सीवर उतरला. तेवढ्या एका फेऱ्यात त्याला पाहिजे होतं ते सगळं मिळालं.

"पुन्हा?" धाकट्याने विचारलं.

दादाने डावा हात झटकला. बोटांच्या टोकांवर लाल रेघा उठल्या होत्या.

"बोटं नाही म्हणतायत."

"त्यांचं चुकत नाही," मेस्त्री म्हणाला. "निवृत्त माणसाला एका दिवसात किती पळवायचं."

खाली गाडी आली होती. धाकट्याने जाताना ते यंत्र माझ्या डोक्याला लावून दिलं. "ठेव तुला. ह्याच्यावर बघून लावत जा." दादाने मान हलवली. भाऊ भाऊ दारात काही वेळ उभे राहिले. 'कसा आहेस' कोणी विचारलं नाही. धाकट्याने दादाचा डावा हात हातात घेऊन त्या रेघा बघितल्या, आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. मला दुसरं काम काय? इतकी वर्षं खिडकीशी ज्याच्या 'अं'ची वाट बघून आम्ही तारा लावल्या, तो धाकटा नव्हताच. तो दादाचाच गळा होता, वयाबरोबर खाली खाली येत गेलेला. आम्हाला वाटायचं, आपण दोघं नाही, तिघं आहोत. नव्हतो. आणि हे मला जितकं कळलं तितकंच दादालाही कळलं असणार, कारण तो आता खिडकीशी उभा राहत नाही. यंत्राचा दिवा हिरवा झाला की झालं. यंत्र चुकत नाही. पण त्याला सर्दी होत नाही, आणि ते बरंही होत नाही.

बोटं दुखतात म्हणून वाजवणं कमी झालंय. तारांवर गंज चढतोय. तरी कधी दुपारी दादा मला घेतो आणि त्याच चार कॉर्डवरून हळूहळू फिरतो. पूर्वी तो धाकट्यासाठी जागा सोडायचा. आता नुसताच फिरतो, संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडावं तसा.

परवा एक झालं. खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय. तिथली बाई मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आम्ही तिला अजून बघितलेलं नाही. दादा तो खोकणारा जुना अॅम्प लावून सी, जी, ए मायनर, एफ फिरवत होता, आणि खालून कोणी गाऊ लागलं. गाणं भलतंच होतं, आम्ही कधी न ऐकलेलं. सुराला ती थोडी इकडेतिकडे व्हायची, शब्दही विसरली की नुसतं 'ला ला' करायची. पण त्या वाटेवर ते गाणं बरोबर बसत होतं. एका जागी तिला पिळलेली चादर झटकायची होती, म्हणून ती थांबली. दादा एफवरच थांबला, चादर दोरीवर पडेपर्यंत. मग सीवर आला, आणि तीही आली.

तिला वाटलं असेल, वर रेडिओ लागलाय.

कपडे संपले, दार लागल्याचा आवाज आला. दादाने आणखी काही फेरे घेतले, खाली कान देऊन. मग मला भिंतीला टेकवून ठेवलं.

माझं एवढंच आहे. माझ्यामागे कोण मला घेईल, का लाकूड म्हणून जाईन, ते मला माहीत नाही, आणि दादाच्या आधी माझं काही व्हावं असंही वाटत नाही. तुम्हाला एकच विनंती. तुमच्या शेजारी कोणी नुसतेच चार कॉर्ड फिरवत बसलं असेल, तर हे कुठलं गाणं म्हणून त्याला विचारू नका. गाणं त्याच्याकडे नसतं. तुम्हाला येत असेल ते म्हणा. येत नसलं तरी म्हणा, काम करता करता म्हणा. बरोबर कोणी नसलं की ती वाट चालायला फार लांब लागते.